न्यूकॅसलचा मेथडिस्ट संघ (इ. स. १७४२-४३) : विश्वास, संस्कार आणि सभासदत्व – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

अठराव्या शतकातील इंग्लंडच्या धार्मिक व सामाजिक इतिहासात मेथडिस्ट चळवळीला महत्त्वाचे स्थान आहे. जॉन वेस्ली (१७०३-१७९१) आणि त्यांचे बंधू चार्ल्स वेस्ली (१७०७-१७८८) हे या चळवळीचे प्रवर्तक होत. दोघेही इंग्लंडच्या चर्चचे दीक्षित धर्मोपदेशक होते आणि अखेरपर्यंत त्यांनी त्या चर्चशी असलेले नाते तोडले नाही. या चळवळीचा इतिहास बहुधा उघड्या मैदानावरील प्रवचने, हजारोंचे जमाव, चार्ल्स वेस्ली यांची गीते आणि आध्यात्मिक जागृती या अंगांनी सांगितला जातो. परंतु एखाद्या गावातील मेथडिस्टांच्या समूहात प्रत्यक्ष प्रवेश कोणाला मिळत असे, तेथे टिकून राहण्याच्या अटी कोणत्या होत्या, आणि बाप्तिस्मा व प्रभुभोजन या संस्कारांचा त्या सभासदत्वाशी काय संबंध होता, हे प्रश्न त्यामानाने मागे पडतात.

प्रस्तुत शोधनिबंधात उत्तर इंग्लंडमधील न्यूकॅसल-अपॉन-टाइन या शहरातील मेथडिस्ट समूहाच्या पहिल्या वर्षाचा या दृष्टीने विचार करण्यात आला आहे. वेस्ली यांनी आपल्या समूहांना 'चर्च' असे न म्हणता 'सोसायटी' असे म्हटले. त्या अर्थाने येथे 'संघ' हा शब्द योजला आहे. 'मंडळी' हा शब्द संस्कारांसह पूर्णपणे संघटित झालेल्या चर्चसाठी राखून ठेवला आहे. हा भेद शब्दांपुरता नाही, हे पुढील विवेचनातून स्पष्ट होईल.

उद्दिष्टे व साधने

या अभ्यासाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, आरंभीच्या मेथडिस्ट संघात सभासदत्वाची अट श्रद्धेवर आधारलेली होती की आचरणावर, हे तपासणे. दुसरे, सभासदत्व आणि संस्कार यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे. तिसरे, हा संबंध पुढे कसा बदलला याचा मागोवा घेऊन तो बदल मराठी प्रदेशात आलेल्या मेथडिस्ट परंपरेपर्यंत आणून पोहोचविणे. अभ्यासाचे मुख्य साधन जॉन वेस्ली यांची प्रकाशित दैनंदिनी व १७४३ ची संघाची नियमावली हे आहे. ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे. दैनंदिनी स्वतः वेस्ली यांनी लिहिलेली असल्यामुळे तिच्यातील कारणांचे वर्गीकरण नेत्याच्या नजरेतून झालेले आहे, ही मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे.

१. संस्कारावरून उद्भवलेले दोन संघर्ष

वेस्ली यांच्या संस्कारविषयक विचारांची जडणघडण समजून घेण्यासाठी दोन प्रसंग उपयोगी पडतात. पहिला प्रसंग अमेरिकेतील जॉर्जिया वसाहतीतील आहे. ७ ऑगस्ट १७३७ रोजी सव्हाना येथे वेस्ली यांनी सोफिया विल्यमसन या तरुणीला प्रभुभोजन देण्याचे नाकारले. विवाहापूर्वी सोफिया हॉपकी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तरुणीविषयी वेस्ली यांना अनुराग होता. तिने दुसऱ्याशी विवाह केल्यानंतर काही महिन्यांतच हा नकार घडला. प्रभुभोजनाला येणाऱ्याने आदल्या दिवशी आपले नाव कळवावे, हा प्रार्थनापुस्तकातील नियम वेस्ली यांनी पुढे केला. तथापि तिचे नातलग थॉमस कॉस्टन हे वसाहतीचे मुख्य दंडाधिकारी होते. प्रकरण न्यायालयात गेले, ज्यूरीने वेस्ली यांच्यावर दहा आरोप ठेवले, आणि डिसेंबर १७३७ मध्ये त्यांनी सव्हाना सोडले. येथे प्रभुभोजन हे शिस्तीचे हत्यार बनले होते आणि ते वापरणाऱ्यावरच उलटले.

दुसरा प्रसंग लंडनमधील आहे. २४ मे १७३८ रोजी ऑल्डर्सगेट स्ट्रीट येथील सभेत वेस्ली यांना तारणाच्या खात्रीचा अनुभव आला. त्या काळात ते फेटर लेन येथील संघात मोरेव्हियन पंथीयांसमवेत उपासना करीत असत. फिलिप मोल्टर या मोरेव्हियन उपदेशकाच्या प्रभावाने तेथे 'स्तब्धते'चा विचार बळावला. ज्याला पूर्ण विश्वास प्राप्त झालेला नाही त्याने प्रार्थना, शास्त्रवाचन व प्रभुभोजन यांपासून दूर राहून शांतपणे वाट पाहावी, असा त्या विचाराचा आशय होता. वेस्ली यांनी त्याला कडाडून विरोध केला. प्रभुभोजन ही 'कृपेची साधने' यांपैकी प्रमुख गोष्ट असून ती आधीच सिद्ध झालेल्यांना मिळणारे पारितोषिक नाही, तिच्याद्वारे विश्वास उत्पन्नही होऊ शकतो, असे प्रतिपादन त्यांनी जून १७४० मध्ये केले. त्यांच्या मातोश्री सुझॅना वेस्ली यांना १७३९ मध्ये प्रभुभोजन घेत असतानाच पापक्षमेची खात्री लाभली होती, हे उदाहरण त्यांच्या घरातलेच होते. २० जुलै १७४० रोजी वेस्ली आपल्या अनुयायांसह फेटर लेनमधून बाहेर पडले.

या दोन प्रसंगांचा एकत्रित विचार केल्यास असे दिसते की, १७४० पर्यंत वेस्ली यांची भूमिका पालटली होती. प्रभूचे मेज पापी माणसाला जवळ आणणारे साधन असेल, तर शिस्तीची कसोटी त्या मेजापाशी लावता येत नाही. ती अन्यत्र लावावी लागेल. ती 'अन्यत्र' जागा म्हणजे संघ आणि त्यातील वर्ग होय.

२. वर्ग : कर्जफेडीतून जन्मलेली व्यवस्था

वर्गव्यवस्थेचा उगम धर्मशास्त्रीय चर्चेतून झालेला नाही. १५ फेब्रुवारी १७४२ रोजी ब्रिस्टल येथे प्रार्थनागृहावरील कर्ज कसे फेडावे याचा विचार चालू होता. कॅप्टन फॉय नावाच्या सभासदाने सुचविले की, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. अनेकांना तेवढेही परवडणार नाही, असा आक्षेप निघाला. तेव्हा आपण अकरा गरीब सभासद आपल्याकडे घेऊ, दर आठवड्याला त्यांच्याकडे जाऊ आणि त्यांना देता आले नाही तर आपण भरू, असे त्याने सांगितले. इतरांनीही तसेच केले. अशा रीतीने बारा-बारा जणांचे गट तयार झाले.

घरोघर जाणाऱ्या या वसुलीदारांना लवकरच सभासदांच्या घरातील स्थिती दिसू लागली. कोणी दारूच्या आहारी गेला होता, कोणी बायकोशी भांडत होता. ही माहिती वेस्ली यांच्यापर्यंत पोहोचली आणि आपल्याला दीर्घकाळ हवी असलेली गोष्ट हीच, हे त्यांनी ओळखले. पुढे वर्गनायकाने घरोघर जाण्याऐवजी सर्वांनी आठवड्यातून एकदा एकत्र जमावे, अशी पद्धत पडली. प्रत्येकाने आपल्या आत्मिक स्थितीविषयी बोलावे, वर्गनायकाने गरजेप्रमाणे धीर, उपदेश किंवा कानउघाडणी करावी, गरिबांसाठी वर्गणी घ्यावी व आजारी सभासदांची माहिती उपदेशकाला द्यावी, असा हा क्रम होता. वर्गनायक होण्यासाठी दीक्षेची आवश्यकता नव्हती. कारागीर, खाणकामगार आणि स्त्रियाही ही जबाबदारी सांभाळीत. न्यूकॅसल येथील 'ऑर्फन हाउस' या मेथडिस्ट केंद्राची व्यवस्था पाहणाऱ्या ग्रेस मरे या त्यांपैकीच एक होत.

सभासदत्वाचा पुरावा म्हणजे तिकीट. त्यावर सभासदाचे नाव आणि बहुधा शास्त्रातील एखादे वचन असे. दर तिमाहीस उपदेशक वर्गाला भेट देऊन प्रत्येकाची विचारपूस करी व नवे तिकीट देई. ज्याचे आचरण समाधानकारक नसे त्याला नवे तिकीट मिळत नसे. यामुळे बहिष्काराचा गाजावाजा न होता सभासदत्व संपुष्टात येई. मोरेव्हियनांकडून घेतलेल्या 'प्रीतिभोजन' या सभेलाही तिकिटावरच प्रवेश मिळे. प्रीतिभोजन हा संस्कार नव्हता. पाव किंवा केक आणि पाणी वाटून घेत अनुभवकथन करण्याचा तो बंधुभावाचा मेळावा होता. म्हणजेच संघाच्या स्वतःच्या भोजनाला तिकीट लागे, परंतु प्रभूच्या भोजनासाठी सभासद आपापल्या पॅरिश चर्चमध्ये जात आणि तेथे या तिकिटाचा काहीही संबंध नसे.

३. न्यूकॅसल येथील संघ व नियमावली

न्यूकॅसल हे कोळशाच्या व्यापाराचे शहर. टाइन नदीतून जहाजांपर्यंत कोळसा वाहून नेणारे नावाडी सँडगेट या गरीब वस्तीत राहत. २८ मे १७४२ रोजी वेस्ली येथे प्रथम आले. रस्त्यारस्त्यांतील मद्यपान आणि लहान मुलांच्याही तोंडच्या शिव्या ऐकून ते स्तंभित झाले. ३० मे रोजी त्यांनी सँडगेट येथे उघड्यावर प्रवचन केले. त्यानंतर चार्ल्स वेस्ली यांनी येथे काम करून संघाला आकार दिला. नोव्हेंबरमध्ये जॉन वेस्ली परतले आणि २० डिसेंबर १७४२ रोजी ऑर्फन हाउसची पायाभरणी झाली. लंडन, ब्रिस्टल व न्यूकॅसल हे चळवळीचे तीन आधारस्तंभ झाले.

संघाची नियमावली १७४३ मध्ये प्रथम न्यूकॅसल येथेच छापली गेली. तिच्यात प्रवेशाची अट एकच आहे. येणाऱ्या क्रोधापासून दूर पळण्याची आणि पापांपासून सुटका होण्याची इच्छा, एवढीच ती अट. प्रवेशार्थीने कोणता मतांगीकार म्हणून दाखवावा किंवा कोणत्या चर्चचा असावा, याविषयी तेथे काही नाही. मात्र ही इच्छा खरी असल्यास ती फळांवरून दिसली पाहिजे, असे सांगून पुढे तीन नियम दिले आहेत. पहिला, कोणाचेही वाईट करू नये. शिव्याशाप, शब्बाथभंग, मद्यपान, मद्यविक्री, मारामारी, जकात चुकविलेल्या मालाची खरेदी-विक्री, व्याजखोरी इत्यादी गोष्टी येथे नावानिशी मोजल्या आहेत. दुसरा, शक्य तितके चांगले करावे. भुकेल्यांना अन्न देणे, आजाऱ्यांना व कैद्यांना भेटणे यांचा त्यात समावेश होतो. तिसरा, देवाने नेमून दिलेले विधी पाळावेत. सार्वजनिक उपासना, वचनाचे श्रवण, प्रभुभोजन, कौटुंबिक व एकांतातील प्रार्थना, शास्त्राभ्यास आणि उपवास हे ते विधी होत.

येथे प्रभुभोजनाचे स्थान लक्षणीय आहे. ते सभासदाचे कर्तव्य म्हणून नमूद आहे, परंतु संघ स्वतः ते देत नाही. बाप्तिस्म्याचा तर नियमावलीत उल्लेखच नाही, कारण बहुतेक सभासदांचा बाप्तिस्मा बालपणीच पॅरिश चर्चमध्ये झालेला असे. बालबाप्तिस्मा वेस्ली यांना मान्य होता. परंतु लहानपणी मिळालेली कृपा पापाचरणाने गमावली जाते आणि प्रौढपणी नव्या जन्माची आवश्यकता उरते, असेही ते आग्रहाने सांगत. त्यामुळे बाप्तिस्मा झालेला असणे हे संघाच्या दृष्टीने पुरेसे उत्तर ठरत नव्हते.

४. मार्च १७४३ ची पाहणी

रविवार, ६ मार्च १७४३ रोजी वेस्ली यांनी न्यूकॅसलच्या संघापुढे नियम वाचून दाखविले आणि आपण ते पाळण्यास राजी आहोत की नाही, याचा प्रत्येकाने गंभीरपणे विचार करावा, असे सांगितले. यामुळे अनेक जण डळमळतील, याची त्यांना कल्पना होती. म्हणून दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी वर्गांना भेटी देण्यास आरंभ केला. या पाहणीतून तयार झालेल्या दोन याद्या त्यांच्या दैनंदिनीत आहेत. एक स्वतः संघ सोडून गेलेल्यांची, दुसरी संघातून काढलेल्यांची.

काढून टाकलेल्यांची संख्या ६४ होती. कारणे पुढीलप्रमाणे :

शिव्याशाप – २
नेहमीचा शब्बाथभंग – २
मद्यपान – १७
मद्याची किरकोळ विक्री – २
भांडणतंटा – ३
पत्नीस मारहाण – १
हेतुपुरस्सर व सवयीने खोटे बोलणे – ३
निंदानालस्ती – ४
आळस – १
उथळपणा व बेपर्वाई – २९
एकूण – ६४

या यादीवरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला व सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष यादीत जे नाही त्यावरून निघतो. ६४ पैकी एकाही व्यक्तीला चुकीच्या मतासाठी काढलेले नाही. त्रैक्य, पूर्वनियोजन किंवा बाप्तिस्म्याची रीत यांवरील मतभेदाचा उल्लेखही नाही. 'मेथडिस्ट माणसाची लक्षणे' या १७४२ च्या पुस्तिकेत वेस्ली यांनी मेथडिस्ट माणूस विशिष्ट मतांवरून ओळखला जात नाही, असे म्हटले होते. न्यूकॅसलच्या यादीत ते तत्त्व प्रत्यक्ष व्यवहारात दिसते. दुसरे, मद्यपान व मद्यविक्री मिळून १९ जण, म्हणजे सुमारे तीस टक्के होतात. तिसरे, शिव्याशाप, भांडण, असत्य आणि निंदा या जिभेच्या अपराधांची बेरीज १२ भरते. चौथे, सर्वांत मोठा गट २९ जणांचा असून त्यांचा कोणताही ठळक अपराध सांगितलेला नाही. ते गंभीर नव्हते, एवढेच. प्रवेशासाठी केवळ 'इच्छा' पुरेशी मानणाऱ्या संघात ती इच्छा विझली आहे असे आढळणे, हाच सर्वांत मोठा दोष ठरला, असे यावरून म्हणावे लागते. मात्र गांभीर्याचा हा निकाल शेवटी उपदेशकाच्या हाती होता, आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय नियमावलीत नव्हती, हेही नोंदविले पाहिजे.

३० डिसेंबर १७४२ नंतर स्वतः संघ सोडून गेलेल्यांची संख्या ७६ होती. काढलेल्यांपेक्षा ही संख्या मोठी आहे. वेस्ली यांनी नोंदविलेल्या कारणांचे येथे गट केले आहेत :

आपले धर्मोपदेशक प्रभुभोजन देणार नाहीत म्हणून – १४
पती वा पत्नीची नाराजी ९, आईवडिलांची नाराजी १२, मालक-मालकिणीची मनाई ५ – एकूण २६
ओळखीच्यांचा आग्रह ७, संघाविषयी लोकांचे वाईट बोलणे ५, हसे होण्याची भीती ९, रस्त्यातील उद्धट वागणूक १ – एकूण २२
गरिबांना मिळणारी मदत बंद होऊ नये म्हणून – ३
वेळ नाही ३, अंतर फार २ – एकूण ५
विशिष्ट सभासदाची उपस्थिती नकोशी – २
आकडी येण्याची भीती – १
आपल्या बाप्तिस्म्याकडे पाठ फिरवायची नाही म्हणून – १
हे तर निव्वळ इंग्लंडच्या चर्चचेच लोक आहेत म्हणून – १
देवाची सेवा करायला अजून पुष्कळ वेळ आहे म्हणून – १
एकूण – ७६

कुटुंब व मालक यांच्या दडपणाखाली २६ आणि लोकापवादाच्या भीतीने २२, असे ४८ जण, म्हणजे जवळजवळ दोनतृतीयांश लोक, इतरांमुळे बाहेर पडले. संघाचे दार आतून सताड उघडे असले, तरी बाहेरच्या समाजात त्याची किंमत मोजावी लागत होती. ती किंमत सर्वांना सारखी नव्हती. घरातील मुलगा-मुलगी, नोकरचाकर आणि पॅरिशच्या मदतीवर जगणारे गरीब यांना ती सर्वांत जड होती. ज्या तिघांनी मदत बंद होईल म्हणून संघ सोडला, त्यांना वेस्ली यांच्या यादीत एक ओळ मिळाली आहे. पण त्या ओळीत उपासमारीची धास्ती दडलेली आहे.

५. यादीतील संस्कारविषयक कारणे

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने १४ जणांचा गट सर्वांत महत्त्वाचा आहे. वेस्ली म्हणतात त्याप्रमाणे हे बहुतेक डिसेंटर, म्हणजे इंग्लंडच्या चर्चबाहेरील प्रॉटेस्टंट मंडळ्यांतील होते. त्यांच्या धर्मोपदेशकांनी मेथडिस्ट संघात जाणाऱ्याला प्रभुभोजन न देण्याचे धोरण स्वीकारले. संघ आणि मेज यांपैकी एकाची निवड करणे भाग पडल्यावर या चौदा जणांनी मेज निवडले. वेस्ली यांच्या योजनेतील दुबळा दुवा येथे उघड होतो. संस्कार दुसऱ्याच्या हाती असल्यामुळे ते रोखण्याचे सामर्थ्यही दुसऱ्याच्याच हाती होते.

हा अनुभव डिसेंटरांपुरता नव्हता. १७४० मध्ये ब्रिस्टलच्या टेंपल चर्चमध्ये किंग्सवुडच्या खाणकामगारांना प्रभुभोजनापासून परत पाठविण्यात आले होते. न्यूकॅसलच्या पाहणीपूर्वी दोनच महिने, २ जानेवारी १७४३ रोजी, खुद्द जॉन वेस्ली यांना एप्वर्थ येथे हाच अनुभव आला. ज्या चर्चमध्ये त्यांचे वडील अनेक वर्षे धर्मोपदेशक होते आणि जेथे त्यांनी स्वतः प्रभुभोजनाचा विधी केला होता, तेथील जॉन रॉम्ली या धर्मोपदेशकाने वेस्ली हे प्रभुभोजनास पात्र नाहीत, असा निरोप पाठविला. सव्हाना येथे नाकारणारे वेस्ली आता स्वतः नाकारले गेले होते. तरीही न्यूकॅसल येथे त्यांनी प्रतिस्पर्धी मेज मांडले नाही. ज्या ६४ जणांना त्यांनी काढले, त्यांचे तिकीट गेले. पॅरिश चर्चमधील त्यांचे स्थान मात्र या निर्णयाने बदलले नाही. शिस्त संघाची आणि संस्कार चर्चचे, ही विभागणी त्यांनी टिकवून धरली.

या विभागणीमुळे निर्माण झालेला संभ्रम यादीतील दोन एकेरी नोंदींत स्पष्ट दिसतो. एकाला वाटले की, संघात राहणे म्हणजे आपल्या बाप्तिस्म्याकडे पाठ फिरविणे. दुसऱ्याला वाटले की, हा संघ म्हणजे निव्वळ इंग्लंडच्या चर्चचाच भाग. एकाच संघाविषयी, एकाच काळात, परस्परविरुद्ध अशी ही दोन मते आहेत. दोघेही बाहेर पडले. संघ हे चर्च आहे की नाही, या प्रश्नाला १७४३ मध्ये नि:संदिग्ध उत्तर नव्हते, हेच यावरून दिसते.

६. दोन दारांचे एक होणे

पुढील अर्धशतकात ही स्थिती बदलत गेली. १७४५ मध्ये वेस्ली बंधूंनी प्रभुभोजनविषयक १६६ गीतांचा संग्रह प्रकाशित केला. त्यामुळे सभासदांमध्ये संस्काराची ओढ वाढली, परंतु तो देणारे दीक्षित धर्मोपदेशक थोडे होते. अमेरिकेत स्वातंत्र्ययुद्धानंतर हा प्रश्न तीव्र झाला. सप्टेंबर १७८४ मध्ये वेस्ली यांनी ब्रिस्टल येथे रिचर्ड व्हॉटकोट व थॉमस व्हॅसी यांना दीक्षा दिली आणि थॉमस कोक यांना अधीक्षक म्हणून नेमले. त्यांनी इंग्लंडच्या चर्चच्या ३९ धर्मकलमांतून निवडलेली २४ कलमेही अमेरिकेस पाठविली. अमेरिकेत त्यांत एकाची भर पडून ती २५ झाली. बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोनच संस्कार त्यांत मान्य केले आहेत. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बाल्टिमोर येथे मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चची स्थापना झाली. अमेरिकेत संघाची मंडळी झाली.

इंग्लंडमध्ये वेस्ली यांच्या निधनानंतर, १७९५ मध्ये मँचेस्टर येथील परिषदेने समेटाची योजना मंजूर केली. एखाद्या प्रार्थनागृहाच्या विश्वस्तांचे बहुमत आणि कारभारी व वर्गनायकांचे बहुमत अनुकूल असेल, तर परिषदेच्या संमतीने तेथे प्रभुभोजन देता येईल, असे ठरले. म्हणजे संस्कार प्रार्थनागृहात येण्याचा निर्णय स्थानिक पातळीवर आला. ज्यांना हे पुरेसे वाटले नाही त्यांनी अलेक्झांडर किल्हॅम यांच्या नेतृत्वाखाली १७९७ मध्ये मेथडिस्ट न्यू कनेक्शन स्थापन केले.

या बदलाने जुनी अडचण दूर झाली. आता कोणत्याही सभासदाला संघ आणि मेज यांत निवड करावी लागणार नव्हती. परंतु त्याचबरोबर वर्गाचे महत्त्वही ओसरू लागले. संस्कार, उपासना व विवाह-दफनविधी सर्व एकाच छताखाली मिळू लागल्यावर सभासदत्व म्हणजे मंडळीच्या नोंदवहीतील नाव, असा अर्थ रूढ होत गेला. अमेरिकेतील मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च, साउथ या शाखेने १८६६ मध्ये वर्गाची उपस्थिती ही सभासदत्वाची अट काढून टाकली. ब्रिटनमध्ये तिकिटाची प्रथा राहिली, पण साप्ताहिक विचारपुशीचा आधार तिच्यामागून निघून गेला.

७. मुंबई इलाख्याशी असलेला दुवा

मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे कार्य भारतात १८५६ मध्ये विल्यम बटलर यांच्या आगमनाने बरेलीच्या परिसरात सुरू झाले. मुंबईत ते पोहोचले ते विल्यम टेलर यांच्यामुळे. १८७१ च्या अखेरीस टेलर मुंबईत आले. त्यांनी प्रथम चर्च बांधले नाही. इंग्रजी बोलणाऱ्या युरोपीय व युरेशियन कुटुंबांच्या घरांत त्यांनी वर्ग सुरू केले आणि १८७२ मध्ये या वर्गांतून मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. ब्रिस्टल व न्यूकॅसल येथील क्रम येथे पुन्हा दिसतो. आधी वर्ग, मग मंडळी. फरक एवढाच की, येथील वर्गांना संस्कारांसाठी दुसऱ्या चर्चकडे जावे लागले नाही. अमेरिकन मराठी मिशनमधून १८४८ मध्ये मुंबईत आलेले जॉर्ज बोवेन हे टेलर यांच्या कार्यात सामील झाले व १८८८ मधील निधनापर्यंत त्यात राहिले. पुण्यात याच चळवळीच्या प्रभावाखाली आलेले विल्यम ओल्डम यांनी पुढे १८८५ मध्ये सिंगापूर येथे मेथडिस्ट कार्याचा पाया घातला.

या चर्चच्या नियमांनुसार नवागताला त्या काळी सहा महिने परीक्षाधीन राहावे लागे आणि वर्गनायकाच्या शिफारशीनंतरच पूर्ण सभासदत्व मिळे. भारतातील अहवालांतही परीक्षाधीन व पूर्ण सभासद यांची नोंद स्वतंत्र होत असे. तथापि येथे एक मूलभूत फरक होता. न्यूकॅसलमधील बहुतेकांचा बाप्तिस्मा जन्मतःच झालेला होता, म्हणून त्याने सभासदत्वात फरक पडत नव्हता. भारतात अन्य धर्मांतून येणाऱ्याच्या दृष्टीने बाप्तिस्मा हीच सर्वांत मोठी सामाजिक सीमारेषा ठरली. न्यूकॅसलमध्ये संघाच्या सभासदत्वासाठी मोजावी लागणारी किंमत, म्हणजे घरच्यांचा विरोध, लोकांची निंदा, उपजीविकेची भीती, ती येथे बाप्तिस्म्याशी जोडली गेली.

पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा ब्रिटिश परंपरेतील मेथडिस्ट त्यात सामील झाले. अमेरिकन परंपरेतील मेथडिस्ट चर्च मात्र बाहेर राहिले आणि जानेवारी १९८१ मध्ये ते 'मेथडिस्ट चर्च इन इंडिया' या नावाने स्वायत्त झाले. वेस्ली यांची धर्मकलमे व नियमावली हा त्याचा वारसा आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. आरंभीच्या मेथडिस्ट संघात प्रवेशासाठी मतांगीकाराची अट नव्हती. टिकून राहण्यासाठी मात्र आचरणाची वारंवार तपासणी होती. मार्च १७४३ मध्ये काढलेल्या ६४ जणांची कारणे याचा ठोस पुरावा देतात.

२. सभासदत्व आणि संस्कार ही मुळात दोन वेगळी दारे होती. शिस्तीची कसोटी पहिल्या दारावर होती, दुसऱ्यावर नव्हती. प्रभुभोजन हे कृपेचे साधन असल्याने ते दुर्बलालाही हवे, या धर्मशास्त्रीय भूमिकेशी ही रचना सुसंगत होती.

३. संघ सोडणाऱ्या ७६ जणांपैकी बहुसंख्य सामाजिक दडपणाखाली बाहेर पडले. म्हणून सभासदत्वाचा इतिहास हा केवळ धर्मशास्त्राचा इतिहास राहत नाही. तो कुटुंब, मालक आणि पॅरिशची मदत यांच्या सत्तेचाही इतिहास ठरतो.

४. १७८४ व १७९५ च्या निर्णयांनी दोन्ही दारे एक झाली. त्यामुळे सभासदांना स्वतःचे मेज मिळाले. परंतु शिस्तीसाठी असलेली स्वतंत्र जागा हळूहळू नाहीशी झाली.

स्वतःचे संस्कार असलेल्या मंडळीपुढे यातून एक प्रश्न उभा राहतो. सभासदाला वठणीवर आणण्याची वेळ आली, तर ते काम कोठे करायचे? वर्ग उरला नसेल, तर शिस्तीसाठी मेज रोखणे हाच मार्ग समोर दिसतो, आणि तो सव्हानाचा मार्ग आहे. न्यूकॅसलच्या संघाने आपल्या अत्यंत कठोर पाहणीतही तो मार्ग टाळला होता. बारा जणांनी आठवड्यातून एकदा एकमेकांची विचारपूस करावी, ही व्यवस्था त्यामुळेच केवळ इतिहासजमा रूढी म्हणून बाजूला सारता येत नाही. प्रभूचे मेज सर्वांसाठी खुले ठेवणे तिच्यामुळे शक्य झाले होते.